वेग डिस्कचा की वाटेचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सोमेश्वरनगर भागात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की एक गोष्ट शाळकरी पोरालाही कळते. उसाच्या गाड्या कितीही आल्या, तरी गव्हाणीतून जेवढा ऊस आत जाईल तेवढाच गाळला जातो. ट्रॅक्टर नवा असो, ट्रकला मोठं इंजिन असो, वजनकाट्यावर खोळंबा झाला की सगळ्यांचीच रांग लागते. काट्यापुढं नव्या ट्रॅक्टरचा रुबाब चालत नाही आणि टायरगाडीच्या बैलांनाही कमीपणा येत नाही. सगळे एकाच चालीनं पुढं सरकतात.

लॅपटॉपला बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचं असंच आहे. मी या भागात बरीच वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करतो. माझं गिऱ्हाईक म्हणजे फोटो स्टुडिओवाले, लग्नाचं शूटिंग करणारे, पतसंस्थेतले कारकून, कॉलेजची मुलं आणि अलीकडच्या वर्षांत ड्रोन उडवणारे. या सगळ्यांकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेली तक्रार एकच: ‘‘एवढी महागाची डिस्क घेतली, डबीवर एवढा मोठा वेग लिहिलाय, मग फायली उतरायला अख्खी रात्र का लागते?’’ बहुतेक वेळा डिस्कमध्ये काही दोष नसतो. दोष वाटेत असतो. ती वाट कशी ओळखायची, जुन्या लॅपटॉपमध्ये कार्ड घालून ती कशी रुंद करता यायची आणि आज काय करावं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी हिशेबाचा एक घोळ मिटवू. संगणकाच्या तारेचा वेग ‘मेगाबिट’मध्ये सांगतात आणि फायलीचा आकार ‘मेगाबाइट’मध्ये. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे ४८० मेगाबिटचा वेग ऐकायला मोठा वाटला, तरी तो सेकंदाला ६० मेगाबाइटच झाला. त्यातही काही भाग दोन्ही बाजूंच्या आपापसातल्या बोलण्यात खर्च होतो. ‘पाठव’, ‘मिळालं’, ‘पुढचं पाठव’ असं ते बोलणं. त्यामुळं यूएसबी २.० या वाटेवरून प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ मेगाबाइट उतरले, तर काम व्यवस्थित चाललंय असं समजावं. पाटाला सोडलेलं सगळं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही, हे नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला मी काय सांगणार!

आता ही वाट म्हणजे नेमकं काय? डिस्कमधून निघालेली माहिती आधी डिस्कच्या डबीतल्या छोट्या सर्किटमधून जाते. मग केबलमधून, मग लॅपटॉपच्या पोर्टमधून, त्यामागच्या कंट्रोलर नावाच्या चिपमधून, आणि शेवटी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर जाऊन बसते. या पाच-सहा ठिकाणांपैकी जे सर्वांत अरुंद, तोच साऱ्या वाटेचा वेग. विहिरीवर दहा एचपीची मोटर बसवली आणि मध्येच दोन इंची पाइपचा एक तुकडा जोडला, तर शेतात पाणी दोन इंचीच पडणार.

लॅपटॉपच्या कार्डांची गोष्ट इथूनच सुरू होते. टेबलावरच्या संगणकाचं झाकण उघडून आत नवं कार्ड बसवता येतं. लॅपटॉपला ती सोय नव्हती. म्हणून १९९० च्या सुमारास त्याच्या कडेला एक खाच देण्याची पद्धत रूढ झाली. तिच्यात पत्त्याएवढं, पातळ डबीसारखं कार्ड सरकवायचं. लोक त्याला पीसीएमसीआयए कार्ड म्हणत. नाव उच्चारताना जीभ अडखळायची, पण वस्तू फार उपयोगाची होती. १९९५ मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती आली, कार्डबस नावाची. तिची क्षमता कागदावर सेकंदाला सुमारे १३३ मेगाबाइट होती.

ही क्षमता किती मोलाची होती, ते त्या वेळच्या यूएसबीकडं पाहिल्यावर कळतं. सन २००० च्या आगेमागे घेतलेल्या लॅपटॉपला यूएसबी १.१ असायचं. त्याचा वेग १२ मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला जेमतेम १ मेगाबाइट. त्या काळात आमच्याकडं लग्नाचं शूटिंग मिनी डीव्ही कॅसेटवर व्हायचं. एक तासाची कॅसेट संगणकात उतरवली की १३ गिगाबाइट जागा खायची. हळद, लग्न, वरात आणि दुसऱ्या दिवशीची पूजा मिळून चार कॅसेट धरल्या, तर ५२ गिगाबाइट. हे काम यूएसबी १.१ वरून बाहेरच्या डिस्कवर टाकायला साडेचौदा तास लागतात. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० चं मानक जाहीर झालं होतं, पण जुन्या लॅपटॉपला ते येणार कुठून? तर त्या कडेच्या खाचेतून. यूएसबी २.० चं कार्डबस कार्ड सरकवलं, की तेच ५२ गिगाबाइट अर्ध्या तासात उतरायचे. लॅपटॉप तोच, डिस्क तीच, फक्त वाट बदलली.

कॅमेऱ्यातून कॅसेट उतरवायला मात्र फायरवायर नावाची वेगळी तार लागायची. १९९५ मध्ये तिचं मानक ठरलं, वेग ४०० मेगाबिट. कागदावर हा आकडा यूएसबी २.० पेक्षा कमी आहे, पण डिस्कच्या कामात फायरवायर बहुधा पुढं राहायची. यूएसबीमध्ये प्रत्येक देवाणघेवाणीवर मुख्य संगणकानं लक्ष ठेवावं लागतं, तर फायरवायरमध्ये दोन्ही टोकांची यंत्रं बरंचसं आपापसात उरकतात. गावातला मुकादम प्रत्येक मोळीजवळ उभा राहिला, तर तोडणीचा वेग मंदावतो, तसं काहीसं. म्हणून डबीवरचा आकडा हा पहिला पुरावा मानावा, शेवटचा नव्हे.

त्यानंतर २००३ मध्ये एक्सप्रेसकार्ड आलं. दिसायला ते जुन्या कार्डासारखंच, पण आतून पूर्ण निराळं. खाच दोन मापांची असायची, एक ३४ मिलिमीटर रुंदीची आणि दुसरी ५४. छोटं कार्ड मोठ्या खाचेतही बसायचं, पण मोकळं राहायचं आणि धक्का लागला की हलायचं. डिस्कवर लिहिणं चालू असताना कार्ड हललं, की डिस्क गायब. म्हणून लग्नसराईत लॅपटॉप मांडीवर घेऊन कॉपी करू नका, टेबलावर ठेवा, असं मी सगळ्यांना सांगत असे.

या कार्डाची खरी मेख आतल्या जोडणीत होती. एक्सप्रेसकार्डाच्या खाचेत दोन वाटा एकत्र दिलेल्या होत्या. एक थेट मुख्य रस्त्याला, म्हणजे पीसीआय एक्सप्रेसला मिळणारी, सेकंदाला २५० मेगाबाइटची. दुसरी साध्या यूएसबी २.० ची. कार्ड बनवणारा यांपैकी कुठलीही वाट वापरू शके. काही स्वस्त कार्डं आतून यूएसबीचीच वाट वापरायची. बाहेरून एक्सप्रेसकार्ड, आतून लॅपटॉपला आधीच असलेलं यूएसबी. अशा कार्डावर पैसे घातले, तर वेगात काडीचा फरक पडत नसे. पुढं नोव्हेंबर २००८ मध्ये ५ गिगाबिट वेगाचं यूएसबी ३.० जाहीर झालं आणि त्याचीही एक्सप्रेसकार्डं निघाली. डबीवर ५ गिगाबिट लिहिलेलं असायचं, पण त्या खाचेची मर्यादाच २५० मेगाबाइट. त्यातून खर्च वजा जाता दोनशेच्या आतबाहेर हाती यायचे. त्या वेळच्या फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला तेवढं पुरेसं होतं, हे खरं. पण पूर्ण ५ गिगाबिट मिळतील या आशेनं कार्ड घेणाऱ्याची निराशा ठरलेली.

याच सुमारास ई-सॅटा नावाची आणखी एक वाट आली. संगणकाच्या आतल्या डिस्कला जी सॅटा केबल लागते, तिचंच बाहेर काढलेलं, मजबूत केलेलं रूप. मध्ये दुभाषा नाही, त्यामुळं डिस्क जेवढी धावेल तेवढा वेग. शहरातल्या माणसाला हा शौक वाटला असेल. आमच्याकडं त्याला वेगळं कारण होतं, भारनियमन.

२००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास वीज नसायची. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना ते समजावून सांगायला नको. लॅपटॉपला बॅटरी असते, तो दोन तास तग धरतो. पण साडेतीन इंची मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. वीज गेली की ती जागीच थांबते आणि चालू असलेली कॉपी अर्धवट राहते. नीरेपासून बारामतीपर्यंतचे स्टुडिओवाले वीज यायच्या वेळा तोंडपाठ ठेवून कामं लावत. समजा, एका हंगामाचं २०० गिगाबाइटचं काम एका बाहेरच्या डिस्कवरून दुसरीवर टाकायचं आहे. दोन्ही डिस्क यूएसबी २.० च्या एकाच वाटेवर असल्या, तर वाचायला आणि लिहायला तीच वाट वापरावी लागते. वेग निम्म्यावर येतो आणि काम साडेतीन तासांच्या पुढं जातं. तेवढा वेळ सलग वीज मिळणं ही चैन होती. दोन तोंडांचं ई-सॅटा एक्सप्रेसकार्ड घातलं आणि डिस्क सेकंदाला ८० मेगाबाइटनं धावल्या, तर तेच काम ४२ मिनिटांत होतं. अनेकांनी ते कार्ड घेतलं ते या ४२ मिनिटांसाठी.

विजेवरून आठवलं. वेगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिस्कला मिळणारा विद्युतप्रवाह. यूएसबी २.० चं पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३.० चं ९००. अडीच इंची छोटी डिस्क सुरू होताना, तबकडीला गती देताना, क्षणभर याहून जास्त मागू शकते. कार्डाच्या खाचेतून मिळणारा प्रवाह तर आणखी तोकडा. म्हणूनच अनेक कार्डांच्या कडेला एक बारीक भोक असायचं आणि सोबत एक जादा तार यायची. तिचं दुसरं टोक लॅपटॉपच्या दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावायचं. कित्येक जण ती तार डबीतच ठेवून देत. मग डिस्क ‘टिक... टिक...’ करायची, दिसायची, नाहीशी व्हायची. असा आवाज आला तर पुन्हापुन्हा लावून बघू नये. आधी प्रवाह पुरेसा आहे का ते पाहावं. दुसरं पोर्ट, आखूड केबल किंवा स्वतःच्या अडॅप्टरचा हब लावून बघावा. तरीही आवाज थांबला नाही, तर डिस्क बाजूला ठेवून जाणकाराला दाखवावी. उपाशी बैलाला चाबूक मारून गाडी पुढं जात नाही.

ही कार्डं हळूहळू लोप पावली. २०१० नंतर लॅपटॉपलाच यूएसबी ३.० येऊ लागलं. २०११ मध्ये १० गिगाबिटचं थंडरबोल्ट आलं. लॅपटॉप पातळ होत गेले आणि कडेची खाच गेली. तंत्रज्ञान पुढं गेलं याचं वाईट वाटायचं कारण नाही. पण जुन्या डिस्क कपाटात तशाच राहिल्या आणि त्यांना बोलतं करणारी खाच मात्र नाहीशी झाली.

याचा अर्थ काय होतो, त्याचं एक उदाहरण सांगतो. आमच्या भागातल्या एका कुटुंबातले कर्ते गृहस्थ २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यांच्या मुलीचं लग्न २०१० मध्ये झालं होतं. घरातल्या डीव्हीडीवर चरे पडले होते, ती चालेना. मुलगी ज्यांनी शूटिंग केलं त्यांच्याकडं गेली. त्या माणसानं कामं नीट जपली होती. कपाटातून डिस्क काढली, तिच्यावर सालाची चिठ्ठी होती. पण त्या डबीला ई-सॅटाचं एकच तोंड, अडॅप्टर हरवलेला आणि त्यांच्या नव्या लॅपटॉपला तसं पोर्ट नाही. ते दोघं ती डिस्क घेऊन माझ्याकडं आले.

आम्ही डबीचे स्क्रू काढले. आत साधी साडेतीन इंची सॅटा डिस्क होती. असल्या डिस्कला लागणारा यूएसबी ३.० चा डॉक मिळतो. डिस्क त्यात उभी खोचायची, त्याचा स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असतो. अकरा वर्षांनी ती डिस्क फिरली. अशा वेळी पहिला नियम म्हणजे बघत बसायचं नाही, आधी कॉपी. एखादा व्हिडिओ उघडून पाहण्याचा मोह आवरायचा, कारण डिस्क किती वेळ साथ देईल ते माहीत नसतं. लग्नाचा फोल्डर आधी उतरवला, बाकीचं नंतर. दोन फायली अडल्या, त्या बाजूला ठेवून पुढं गेलो आणि शेवटी त्यांच्याकडं वळलो. त्यांतली एक आली, एक आली नाही. मुलीला हवी होती ती जागा आलेल्या भागात होती. मंगलाष्टकं झाल्यावर तिच्या वडिलांनी माइक हातात घेऊन पाहुण्यांना सांगितलं होतं, की कोणीही न जेवता जायचं नाही. वीस-बावीस सेकंदांचं ते बोलणं. फोटो घरात पुष्कळ होते, आवाज तेवढाच होता.

इथं एक सावधगिरी सांगितली पाहिजे. प्रत्येक डबी अशी उघडून चालत नाही. काही डब्यांतलं सर्किट माहिती सांकेतिक रूपात लिहितं. डिस्क बाहेर काढली तर ती वाचता येत नाही. काही छोट्या डिस्कना सॅटाचं तोंडच नसतं, यूएसबी थेट पाटीवर जोडलेलं असतं. काही डब्यांत दोन डिस्क मिळून एक केलेली असते. त्यामुळं स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी डबीचं मॉडेल पाहून घ्यावं.

मग आज काय परिस्थिती आहे? आज जवळजवळ सगळं टाइप-सी नावाच्या छोट्या, लांबट गोल पोर्टवर आलं आहे. २०१४ मध्ये त्याचा आकार ठरला. सोय मोठी, केबल उलटी-सुलटी कशीही लागते. पण घोळही तेवढाच मोठा. टाइप-सी हा फक्त तोंडाचा आकार आहे. त्यामागं ४८० मेगाबिटची वाट असू शकते, ५, १०, २० गिगाबिटची असू शकते, किंवा थंडरबोल्ट नाहीतर यूएसबी ४ ची ४० गिगाबिटचीही असू शकते. बाहेरून सगळी तोंडं सारखी. २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ चंच पाहा. साध्या मॉडेलला टाइप-सी आहे, पण वेग २००० सालच्या यूएसबी २.० चा. महाग असलेल्या प्रो मॉडेलला १० गिगाबिटचं पोर्ट आहे, पण डबीत येणारी केबल यूएसबी २.० ची. पोर्ट रुंद आणि केबल अरुंद, असा मामला.

त्यात यूएसबीवाल्यांनी नावं बदलली. २००८ चं यूएसबी ३.० पुढं ३.१ जेन १ झालं, मग ३.२ जेन १ झालं. वस्तू तीच, ५ गिगाबिटची. म्हणून दुकानात आकड्यातल्या टिंबांवर जाऊ नका. ‘किती गिगाबिट?’ एवढं एकच विचारा.

कडेला कार्ड सरकवण्याची कल्पनाही नव्या रूपात परत आली आहे. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क नावाच्या कंपनीनं २०२१ मध्ये असा लॅपटॉप आणला, की ज्याच्या कडेला चार कप्पे आहेत. हवं ते कार्ड घाला. एकात यूएसबी, एकात टीव्हीची तार, एकात चक्क २५० गिगाबाइट किंवा १ टेराबाइटचा साठा. ही कार्डं दिसायला आमच्या जुन्या एक्सप्रेसकार्डाची नातवंडं वाटतात. पण कप्प्याच्या तळाशी आहे ते टाइप-सी पोर्टच. म्हणजे कार्ड हे जोडणीचं तोंड बदलतं, मागची वाट बदलत नाही. त्यांच्या काही मॉडेलमध्ये चारही कप्प्यांचा वेग सारखा नाही. वेगवान डिस्क चुकीच्या कप्प्यात लावली तर ती हळू चालते. वीस वर्षांत वस्तू बदलली, प्रश्न तोच राहिला.

आता प्रत्यक्ष व्यवहारात काय पाहावं, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, डिस्क कुठली आहे? फिरत्या तबकडीची छोटी डिस्क सेकंदाला सुमारे १०० ते १३० मेगाबाइट देते. तिच्यासाठी ५ गिगाबिटचं पोर्ट पुरून उरतं. ४० गिगाबिटच्या पोर्टला लावली म्हणून ती जास्त धावणार नाही. तबकडी नसलेली साधी एसएसडी ५०० च्या आसपास जाते आणि नव्या प्रकारची एनव्हीएमई हजारांत. रुंद वाटेची गरज आहे ती या शेवटच्या प्रकाराला. आणखी एक, काही मोठ्या डिस्कमध्ये माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. पहिले काही गिगाबाइट भराभर जातात, मग वेग एकदम पडतो. वरचं कौल उचलल्याशिवाय खालचं बदलता येत नाही, त्यातलाच प्रकार. साठवून ठेवायला त्या चांगल्या, रोजच्या संपादनाला नव्हेत.

दुसरी गोष्ट केबल. मोबाइल चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल बहुधा यूएसबी २.० चीच असते. डिस्कबरोबर आलेली केबल डिस्कच्याच डबीत ठेवावी आणि चार्जिंगला वापरू नये. माझ्याकडं ‘हळू’ म्हणून आलेल्या डिस्कपैकी कितीतरी नुसती केबल बदलून ‘वेगवान’ झाल्या आहेत.

तिसरी गोष्ट हब. एका पोर्टला हब लावून त्यावर दोन डिस्क, माउस आणि कार्ड रीडर लावला, तर एकाच चारीवर सगळ्यांनी बारे लावल्यासारखं होतं. पाणी वाटलं जातं. मोठी कॉपी करताना डिस्क थेट लॅपटॉपला लावावी.

चौथी गोष्ट म्हणजे मोजणं. १० गिगाबाइटची एकच मोठी फाइल घ्या आणि घड्याळ लावून कॉपी करा. १०,००० ला लागलेल्या सेकंदांनी भागा, मेगाबाइटमधला वेग मिळेल. १०० सेकंद लागले तर १०० मेगाबाइट. ३०० सेकंद लागले तर समजा, की वाटेत कुठंतरी यूएसबी २.० बसलं आहे. मात्र हजारो लहान फोटो घेऊन मोजू नका. सुटा ऊस एकेक उचलून भरायला मोळीपेक्षा जास्त वेळ लागतोच.

पाचवी गोष्ट म्हणजे काढताना घाई नको. पडद्यावरची पट्टी संपली, तरी काही माहिती संगणकाच्या स्मरणात लिहायची शिल्लक असू शकते. ‘सुरक्षितपणे काढा’ हा आदेश देऊन मगच केबल ओढा.

कोणी म्हणेल, आता इंटरनेटवर सगळं ठेवता येतं, मग या डिस्कचं कौतुक कशाला? हिशेब करून पाहू. आजचं फोरके शूटिंग १०० मेगाबिटनं केलं, तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ गिगाबाइट होतात. तीन कॅमेरे, प्रत्येकी चार तास म्हणजे एका लग्नाचे ५४० गिगाबाइट. अशा चार लग्नांचं, दोन टेराबाइटच्या वरचं काम ४० मेगाबिटच्या जोडणीवरून वर चढवायला साडेचार दिवसांहून जास्त लागतील, तेही एकदाही जोडणी तुटली नाही तर. तीच डिस्क पिशवीत घालून एसटीनं जेजुरी-सासवडमार्गे पुण्याला नेली, तर संध्याकाळच्या आत माणूस परत येतो.

हे फक्त खेड्यातलं गणित नाही. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र प्रसिद्ध झालं. त्यासाठी जगभरच्या दुर्बिणींनी २०१७ मध्ये जमवलेली माहिती हार्ड डिस्कवर भरून विमानानंच न्यावी लागली. ती इतकी होती, की इंटरनेटवरून पाठवणं परवडलंच नसतं. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपून विमानं सुरू होईपर्यंत थांबल्या.

आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातही एक उदाहरण आहे. मल्हारगडाच्या पायथ्याचं सोनोरी हे गाव. राज्यात ड्रोननं गावठाणाची मोजणी करण्याचा पथदर्शी प्रयोग तिथं झाला. पुढं २४ एप्रिल २०२० रोजी केंद्रानं स्वामित्व योजना सुरू केली. तिच्यात घराच्या जागेचा नकाशा आणि मिळकतपत्रिका ड्रोनच्या छायाचित्रांवरून तयार होते. एका गावठाणाची शेकडो छायाचित्रं काढायची, ती जुळवून एक नकाशा करायचा. असलं काम करणाऱ्याला डिस्कचा वेग आणि भरवसा दोन्ही लागतात. ज्या फायलीवरून घराची हद्द ठरणार आहे, तिची कॉपी अर्धवट राहून चालत नाही. आमच्या भागातले उसावर ड्रोन उडवणारे तरुण हाच प्रश्न घेऊन येतात. बांधावर बसून एका कार्डातलं काम उतरवायचं, कार्ड रिकामं करायचं आणि बॅटरी थंड होते न होते तोच पुन्हा उडायचं. तिथं १० मिनिटं आणि १ तास यांत सबंध दिवसाच्या कामाचा फरक पडतो.

शेवटी एक विनंती. घराघरांतून आता लग्नं, बारशी, आजीआजोबांचे आवाज, जमिनीचे कागद हे सगळं डिस्कवर आहे. एका डिस्कवर असलेली वस्तू ही ठेवलेली वस्तू समजू नका. दोन डिस्कवर ठेवा आणि दुसरी दुसऱ्या घरात ठेवा. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची असेल, तर तबकडीची हार्ड डिस्क बरी. एसएसडी कित्येक वर्षं विजेविना पडून राहिली, तर तिच्यातली माहिती पुसट होऊ शकते. दिवाळीच्या साफसफाईत ती डिस्क एकदा बाहेर काढा, लावून पाहा, दोन-तीन फायली उघडा. आणि नवा लॅपटॉप घेताना जुन्या डिस्कचं तोंड त्याला जुळतंय का, ते बघा. जुळत नसेल, तर जुना लॅपटॉप विकण्याआधी सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्या. ते काम एका रविवारचं आहे.